गाण्याचे ऋण आणि गल्ल्याचा हिशेब

(नागपूरच्या बेसा परिसरातील व्यावसायिक व कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मनीषनगर ओलांडून बेसा भागात शिरणाऱ्या माणसाला गाव कोठे संपले आणि शहर कोठे सुरू झाले, हे आज सांगता येणार नाही. कालपर्यंत ग्रामपंचायतीच्या कारभारात असलेल्या या परिसरात, घोगली, पिपळा, बेलतरोडीच्या अंगाने, शेतांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्यामागोमाग व्यायामशाळा आल्या, केशकर्तनालये आली, तर्री-पोह्यांपासून चायनीजपर्यंत सारे काही देणारी उपाहारगृहे आली आणि लग्नाचे लॉन आले. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे गाणे. सकाळी अभंग, दुपारी जुनी चित्रपटगीते, संध्याकाळी व्यायामशाळेत ठेक्याचे संगीत. ग्राहकाला ते बरे वाटते, तो दोन घटका अधिक रेंगाळतो आणि मालकाचा त्यात काही खर्च होत नाही. निदान मालकाची समजूत तशी असते.

समजा, अशाच एका रस्त्यावर एका मध्यमवर्गीय कुटुंबाने उपाहारगृह काढले. वडील नोकरीतून निवृत्त झालेले, मुलगा आणि सून स्वयंपाकघर व गल्ला सांभाळणारे, डोक्यावर बँकेचे कर्ज. दोन वर्षे व्यवसाय बरा चालतो आणि एके दिवशी मुंबईच्या एखाद्या वकिलाचे जाड पाकीट येते. आपल्या आस्थापनेत आमच्या पक्षकाराच्या मालकीची ध्वनिमुद्रणे परवान्याशिवाय वाजवली जातात, अमुक दिवसांत अमुक रक्कम भरावी, अन्यथा दिवाणी आणि फौजदारी कारवाई होईल, असा त्याचा आशय. घरात पहिला उद्गार निघतो तो "ही तर खंडणी झाली!" असा. मुलगा म्हणतो, गाणी आपल्याच मोबाईलवरची आहेत, महिन्याचे पैसे भरून घेतलेली. मग हे मधले कोण? शेजारचा दुकानदार सल्ला देतो की असले कागद फाडून टाकायचे असतात. पलीकडच्या गल्लीतला एखादा भित्रा व्यापारी मात्र मागतील तेवढे भरून मोकळा होतो आणि आपण नेमके कशाचे पैसे भरले, हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही.

या कुटुंबाने खरे तर काय करावे, हा आजचा विषय आहे. विषय कायद्याचा आहे, पण त्याच्या मुळाशी देण्याघेण्याचा एक जुना प्रश्न आहे.

प्रथम गाणे म्हणजे काय ते पाहू. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत घ्यावे. त्याचे शब्द राजा बढे यांचे. बढे हे नागपूरचे. १९१२ साली याच शहरात जन्मले. चाल श्रीनिवास खळे यांची. आवाज शाहीर साबळे यांचा. आणि तो आवाज ज्या तबकडीवर उमटला, ती तबकडी काढणारी कंपनी चौथीच. १९ फेब्रुवारी २०२३ पासून या गीताला राज्यगीताचा मान आहे. आपल्या कानाला हे एकच गाणे ऐकू येते, परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने त्यात शब्दांवरचा हक्क, स्वररचनेवरचा हक्क आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क असे तीन वेगवेगळे स्वामित्वहक्क आहेत, आणि शिवाय गायकाचा सादरकर्ता म्हणून हक्क आहे. एकाला पैसे दिले म्हणून दुसऱ्याचे फिटत नाहीत. दोन वेगवेगळ्या संस्थांची दोन पत्रे आली की दुकानदार चिडतो, "परवा तर एकाला दिले!" म्हणतो. त्याच्या चिडण्याचे मूळ येथे आहे.

मोबाईलवर महिन्याचे पैसे भरून ऐकण्याची जी सोय घेतली जाते, ती घरात, गाडीत, कानात यंत्र लावून ऐकण्यासाठी असते. त्या कंपन्यांच्या अटींतच 'वैयक्तिक, अव्यापारी वापर' असे लिहिलेले असते. फक्त त्या अटी कोणी वाचत नाही. कॅसेट किंवा तबकडी विकत घेण्याच्या काळातही हेच होते. तबकडी आपली झाली, गाणे आपले झाले नाही. आपल्या घरी पुस्तक वाचणे वेगळे आणि त्याच पुस्तकाचे तिकीट लावून नाटक करणे वेगळे, इतका हा सरळ भेद आहे. दुकानात येणारा ग्राहक कायद्याच्या भाषेत 'जनता' आहे, आणि त्याला गाणे ऐकवणे हे 'जनतेपर्यंत पोहोचवणे' आहे. आकाशवाणीचा किंवा खासगी रेडिओचा संच लावला म्हणूनही प्रश्न आपोआप मिटत नाही. रेडिओ केंद्राने जो परवाना घेतला तो त्याच्या प्रक्षेपणासाठी, उपाहारगृहाच्या वातावरणासाठी नव्हे.

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्याकडे कला ही विकण्याची वस्तू कधीच नव्हती, असे पुष्कळ सज्जन मनापासून म्हणतात. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे आपल्या गावगाड्यात शोधावे लागेल. देवळात वाजवणारा गुरव बलुतेदार होता. सुगी झाली की खळ्यावर त्याचा वाटा बाजूला निघत असे आणि तो द्यायला कोणी कुरकुरत नसे. कीर्तन झाले की कीर्तनकाराच्या हाती बिदागी पडे, तीही पानसुपारी आणि नमस्कारासह. गोंधळी, वासुदेव, पोतराज दारी आले तर सुपातले धान्य ठरलेले असे. कलेची किंमत लावू नये हे खरे, पण कलावंताला विन्मुख पाठवू नये हेही तितकेच खरे, आणि ही दुसरी गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो. यंत्र आले आणि गाणारा माणूस डोळ्यांआड झाला. ज्याच्या तोंडाकडे पाहून बिदागी द्यायची तो समोर नाही, म्हणून बिदागीही राहिली नाही.

युरोपातली कथाही काही वेगळी नाही. १८४७ साली पॅरिसमधल्या एका प्रसिद्ध उपाहारगृहात एर्नेस्त बुर्जे नावाचा संगीतकार बसला होता. तेथे वाद्यवृंद वाजवत होता आणि वाजत होती ती त्याचीच रचना. पेयाचे देयक समोर येताच त्याने ते भरण्याचे नाकारले. माझी रचना तुम्ही फुकट वापरता, मग तुमचे पेय मी फुकट घेतो, असा त्याचा युक्तिवाद होता. प्रकरण न्यायालयात गेले, संगीतकाराचा पक्ष टिकला आणि त्यातूनच १८५१ मध्ये फ्रान्समध्ये संगीतकारांची हक्कसंस्था उभी राहिली. आज जगभर अशा संस्था आहेत. विशेष हे की या सगळ्याचा उगम एका उपाहारगृहातच झाला.

आपल्याकडे असा पक्ष मांडायला फार उशीर झाला. गीतकार-संगीतकारांची 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' ही संस्था १९६९ साली स्थापन झाली. तिला १९७७ मध्येच मोठा धक्का बसला. सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की चित्रपटासाठी मोबदला घेऊन गीत किंवा संगीत करून दिले आणि उलट करार नसला, तर त्याचा पहिला मालक निर्माता ठरतो. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला आपली स्वतंत्र पुरवणी जोडली आणि गाणाऱ्याला तर हा कायदा ओळखतच नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले. संसदेने ते ऐकायला बराच काळ घेतला.

त्याआधीच, साठच्या दशकात, लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात याच मुद्द्यावर मतभेद झाला होता. गायकाला तबकड्यांच्या विक्रीतून वाटा मिळाला पाहिजे, असे लताबाईंचे मत. आपले मानधन मिळाले, तेथे आपला संबंध संपला, अशी रफींची भूमिका. काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे म्हटले नाही. आपल्याकडे या प्रसंगाचे कौतुक करताना रफींच्या निःस्पृहतेचा उल्लेख हमखास होतो. ती निःस्पृहता खरीच होती. परंतु लताबाईंना स्वतःसाठी मागण्याची गरज त्या काळात उरली नव्हती. त्यांचा आग्रह हा मागे उभ्या असलेल्या, नाव नसलेल्या गायकांच्या उपयोगाचा होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

येथे एक गोष्ट आपल्या घरची. शाखेत म्हटल्या जाणाऱ्या पद्यांखाली बहुधा कवीचे नाव नसते. कित्येक गीते पिढ्यान्पिढ्या गायली गेली, ती कोणी लिहिली हे गाणाऱ्यांना ठाऊक नाही, आणि लिहिणाऱ्यालाही त्याची खंत नाही. ही नावाची आहुती आहे आणि ती आदरास पात्र आहे. परंतु या परंपरेतूनच एक चुकीची सवय अंगवळणी पडण्याचा धोका असतो. कवीने आपणहून सोडले ते दान झाले. कवीने सोडलेले नसताना आपण घेतले तर त्याला दान म्हणता येत नाही. उत्सवात बाबूजी सुधीर फडके यांच्या प्रतिमेला हार घालायचा, दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामातील त्यांच्या सहभागाचे स्मरण करायचे आणि त्यांच्या स्वररचनेवर आपला धंदा मात्र फुकट चालवायचा, यात काहीतरी विसंगत आहे हे कबूल करायला हवे.

२०१२ मध्ये कायदा बदलला. त्या वेळी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू मांडली. वैचारिक मतभेद कितीही असोत, त्या दिवशी ते ज्यांच्या वतीने बोलले त्यांत आपले गदिमाही होते, आपले खळेही होते. सर्व पक्षांच्या पाठिंब्याने दोन्ही सभागृहांत दुरुस्ती संमत झाली आणि २१ जून २०१२ पासून ती अमलात आली. तिचा गाभा असा की चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो वापर होईल, त्याच्या स्वामित्वधनात गीतकार व संगीतकारांचा समान वाटा राहील, आणि हा वाटा त्यांच्याकडून करारात लिहून घेता येणार नाही; तो फक्त वारसाला किंवा हक्कसंस्थेला देता येईल. गायकांनाही सादरीकरणाच्या व्यापारी वापराबद्दल स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. त्यांची संस्था २०१३ मध्ये नोंदली गेली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओ वाहिन्यांच्या प्रकरणात हीच दिशा धरली: ध्वनिमुद्रणाचे पैसे दिले तरी आतल्या शब्द-स्वरांच्या कर्त्यांचे वेगळे द्यावे लागतात.

इतके झाल्यावर सारे सुरळीत व्हायला हवे होते. तसे झाले नाही, आणि व्यापाऱ्याची तक्रार येथे खरी आहे.

पैसे मागायला कोण येते ते पाहा. शब्द आणि चाल यांसाठी वर सांगितलेली गीतकार-संगीतकारांची संस्था. तिच्या कारभारावर एके काळी गीतकार-संगीतकारांनीच आक्षेप घेतले होते; नव्या तरतुदींखाली तिची फेरनोंदणी २०१७ मध्ये झाली. ध्वनिमुद्रणांसाठी 'फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड', म्हणजे पीपीएल. ही १९४१ पासूनची संस्था एके काळी नोंदणीकृत हक्कसंस्था होती, आता ती हक्कांची मालक किंवा धारक म्हणून परवाने देते. काही कंपन्यांच्या ध्वनिमुद्रणांसाठी 'नोव्हेक्स'. आणि ध्वनिमुद्रणांच्याच क्षेत्रात २०२१ मध्ये नोंदणी मिळालेली 'रेकॉर्डेड म्युझिक परफॉर्मन्स लिमिटेड'. एका पोह्याच्या बशीमागे किती हात, असे त्या दुकानदाराला वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

प्रश्न असा निर्माण झाला की नोंदणीकृत हक्कसंस्था नसलेल्या कंपनीला असे घाऊक परवाने विकता येतात काय? कलम ३३ सांगते की परवाने देण्याचा व्यवसाय नोंदणीकृत संस्थेनेच करावा. कलम ३० सांगते की मालक स्वतः परवाना देऊ शकतो. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये कलम ३३ वर भर दिला आणि दावा फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२४ रोजी नेमके उलट ठरवले: हक्क रीतसर विकत घेतलेली कंपनी मालक आहे आणि मालकाला परवाना देता येतो. हॉटेलांचा बचाव तेथे टिकला नाही. नागपूर खंडपीठ मुंबई उच्च न्यायालयाचेच असल्यामुळे विदर्भातल्या व्यावसायिकाने हा निकाल दूरचा समजू नये. त्यानंतर दिल्लीत उपाहारगृहे चालवणाऱ्या एका कंपनीचे प्रकरण आले. एप्रिल २०२५ मध्ये तेथील दोन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की पीपीएलने स्वतः नोंदणी करावी किंवा नोंदणीकृत संस्थेची सदस्य व्हावे. तोवर नोंदणीकृत संस्थेच्या दराने पैसे भरावेत. त्याच महिन्यात, २१ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने त्या दराने पैसे भरण्याच्या निर्देशाला स्थगिती दिली आणि एकल न्यायमूर्तींचा आधीचा मनाईहुकूमही लागू राहणार नाही असे स्पष्ट केले.

सामान्य माणसाने यातून काय घ्यावे? एवढेच की 'कोणाला द्यायचे' याबद्दल न्यायालयांत मतभेद झाले आहेत, 'द्यायचे की नाही' याबद्दल झालेले नाहीत. ज्या कायद्याचे पालन करण्यासाठी प्रामाणिक व्यापाऱ्याला तीन उच्च न्यायालयांचे निकाल ताडून पाहावे लागतात, त्यात सरकारने लक्ष घालण्याची गरज आहे, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. सर्व हक्कांसाठी एकच खिडकी, लहान दुकानांसाठी परवडणारा आणि जाहीर दर, आणि गोळा झालेल्या रकमेतले किती कर्त्यांपर्यंत पोहोचले याचा वाचता येईल असा हिशेब, या मागण्या व्यापारी संघटनांनी लावून धरण्यासारख्या आहेत. परंतु मागणी करणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ असले तर तिला वजन येते.

आता ते पाकीट पुन्हा हाती घेऊ. ते फाडू नये, कारण त्याची तारीख महत्त्वाची आहे. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणे हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे म्हटले. उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी हक्कभंग करणाऱ्या प्रती वॉरंटाविना जप्त करू शकतो. नोटीस मिळाल्यानंतर 'ठाऊक नव्हते' हे म्हणणे उरत नाही. म्हणून त्याच दिवशी गाणी बंद करावीत. त्याने कोणाचे पोट दुखत नाही.

दुसऱ्या दिवशी शांतपणे उत्तर लिहावे. आपण कोणत्या हक्काचे पैसे मागता, शब्द-स्वरांच्या की ध्वनिमुद्रणाच्या? आपण नोंदणीकृत हक्कसंस्था आहात की मालक? मालक असाल तर कोणत्या कंपनीकडून कोणत्या लेखाने हक्क मिळाले, आणि त्यात कोणती गाणी येतात? दर कोठे जाहीर केला आहे? आपल्या आस्थापनेत अमुक तारखेला अमुक गाणे वाजत होते याला आधार काय? हे विचारण्याचा व्यापाऱ्याला पूर्ण अधिकार आहे आणि खऱ्या हक्कदाराला उत्तर देण्यात अडचण नसते. कोणी निराधार धमकावत असेल तर कलम ६० प्रमाणे उलट त्याच्याविरुद्ध दावा लावता येतो. ही तरतूद फारशी कोणाला माहीत नाही. पैसे भरायचे ठरले तर रोख, पावतीविना, आलेल्या माणसाच्या हाती मुळीच देऊ नयेत. परवान्यावर आस्थापनेचा पत्ता, कालावधी, आसनसंख्या किंवा क्षेत्रफळ नीट लिहून घ्यावे, जीएसटीसह देयक घ्यावे. आणि न्यायालयीन स्थिती पालटत असल्यामुळे मोठी रक्कम असेल तर त्या दिवशीचा सल्ला वकिलाकडून घ्यावा.

लॉनच्या मालकांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि बेसा परिसरात त्यांची संख्या काही थोडी नाही. धार्मिक विधीच्या ओघात वाजवलेल्या संगीताला कलम ५२ मध्ये सूट आहे, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व विवाहाशी निगडित सामाजिक समारंभ स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहेत. तरीही लग्नघरांकडून पैसे मागितले जात असल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढून अशी वसुली कायद्याला धरून नसल्याचे सांगितले. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच धर्तीवर परिपत्रक काढले. मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. कायद्यातल्या सवलतीचा विस्तार राज्य सरकारला परिपत्रकाने करता येत नाही, असा त्यामागचा विचार. कलमातली सूट त्यामुळे गेलेली नाही. तिचा अर्थ कोठवर ताणायचा एवढाच वाद आहे. मुलीच्या लग्नात वरातीपुढे बँड वाजला तर वडिलांनी घाबरण्याचे कारण नाही. त्याच लॉनवर ३१ डिसेंबरला तिकीट लावून नाच ठेवला, एखाद्या कंपनीचा विक्री-सोहळा झाला, तर तेथे लग्नाची ढाल चालणार नाही. शिवाय जो नफ्यासाठी जागा देतो आणि तेथे हक्कभंग होतो, तोही कलम ५१ प्रमाणे जबाबदार धरला जाऊ शकतो, जर त्याला कल्पना असेल तर. म्हणून जागा देतानाच्या करारात परवाना कोण घेणार, आयोजक की डीजे, हे एका ओळीत लिहून घेतलेले बरे. डीजेच्या भिंतींनी शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचे काय होते, हा वेगळ्या कायद्याचा आणि वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

कुटुंबांना पडणारे प्रश्न मात्र सोपे आहेत. गणेशोत्सवातली आरती आणि पूजेतले संगीत धार्मिक सवलतीत बसते. त्याच मंडपात प्रवेशशुल्क घेऊन ऑर्केस्ट्रा ठेवला तर बसेल असे समजू नये. रहिवासी इमारतीच्या सामायिक सभागृहात रहिवाशांसाठी कोजागिरीला गाणी लावली तर सूट आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाच्या उपक्रमालाही अशी तरतूद आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी नाचले आणि समोर पालक-शिक्षकच असले तर मुख्याध्यापकांनी निश्चिंत असावे. शासकीय समारंभात राज्यगीताचे ध्वनिमुद्रण लावण्यालाही परवाना लागत नाही; तेच ध्वनिमुद्रण उपाहारगृहात लावले तर लागतो.

शेवटी, फुकट ऐकवता येईल असे काही आहे की नाही? आहे, आणि ते आपल्या परंपरेत विपुल आहे. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षारंभापासून, ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले. त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत, राजा बढे यांचेही तसेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे २०२८ अखेरपर्यंत. स्वातंत्र्यवीर सावरकर १९६६ साली निवर्तले, तेव्हा 'ने मजसी ने'च्या शब्दांवरील मुदत २०२६ च्या अखेरीची. पण आपण जी चाल ऐकतो ती पंडित हृदयनाथ मंगेशकरांची, ती त्यामुळे मोकळी होत नाही. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत. पंडित भीमसेन जोशींच्या आवाजातली 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल'ची तबकडी मात्र केवळ नामदेवांची नाही, राम फाटकांच्या चालीची आणि कंपनीच्या ध्वनिमुद्रणाचीही आहे. तो अभंग भजनी मंडळाने वारकरी चालीत, टाळ-मृदंगावर म्हटला तर कोणाचेही देणे लागत नाही, मंडळाच्या बिदागीखेरीज.

लॉनवाल्यांना यात एक वाट आहे. अक्षता पडताना जी सनई वाजते ती आज बहुतेक ठिकाणी ध्वनिवर्धकातून, कोणा थोर वादकाच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून येते. विदर्भात सनई-चौघडा वाजवणारी घराणी अजून आहेत, काम मिळत नाही म्हणून त्यांची मुले दुसरीकडे वळत आहेत. समोर बसून वाजवलेल्या भूप-यमनावर किंवा पारंपरिक चालीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, कोणाची नोटीस येत नाही, आणि पैसे ज्याच्या श्वासाचे त्याच्याच हाती पडतात. बेसा भागातल्या लॉनमालकांनी आपल्या दरपत्रकात 'प्रत्यक्ष सनईवादन' अशी एक ओळ वाढवावी आणि वादकाचे मानधन तेथेच छापावे. येत्या लग्नसराईपासून ते करता येईल.